मडकं भरलं नाही

सारफथच्या विधवेची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती अकोल्यात, आजीच्या चुलीपुढे. बायबलातली ती बाई वेशीपाशी काटक्या वेचते; आजीच्या गोष्टीत ती पऱ्हाट्या वेचायची. पावसाचा पत्ता नाही, घरात मडक्यात मूठभर पीठ, कुपीच्या तळाशी तेल. मायलेकांनी शेवटची भाकर खायची आणि मरायचं. तेवढ्यात एलिया संदेष्टा येतो नि म्हणतो, आधी मला दे! इथे आजी थांबून चुलीत पऱ्हाटी सारायची. मग ती बाई आधी त्याला वाढते.

दुष्काळ तिला घरचा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळात तिची आई पोरकी झाली आणि मिशनच्या अनाथालयात वाढली. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. आजीने आपल्यापुरतं ते वऱ्हाडीत आणलं होतं, तेही तोंडी.

"मंग मडकं भरून गेलं?" मी विचारलं.

"भरलं असं कुठी लिवलं हाये व माय? सरलं नाही, येवढंच."

मला ते फारच तोकडं वाटलं. तांबडा समुद्र दुभंगतो, दानीएलापुढे सिंहांची तोंडं मिटतात. सुटका म्हणावी तर अशी!

पुढे अमरावतीत नवऱ्याचं ऑपरेशन झालं. एकोणीस दिवस दवाखान्यात. मी समुद्र दुभंगायची वाट पाहत होते. तो काही दुभंगला नाही. औषधाची चिठ्ठी रोज नवी. पण रोज दुपारी मंडळीतल्या कुणाकडून तरी डबा यायचा, भाकरी, झुणका, कधी नुसता ठेचा. बडनेऱ्याहून भाऊ यायचा, उशीखाली पाकीट सरकवून काही न बोलता निघायचा. बाराव्या रात्री व्हरांड्यात बसून पर्समधले पैसे मोजले. तीनशे चाळीस. पहिल्या रात्रीही साधारण तेवढेच होते. आजीचा आवाज कानात आला आणि मला इतकं हसू फुटलं की सिस्टर बघायला आल्या. भीती गेली नव्हती, पण त्या रात्री प्रार्थनेत मी काही मागितलं नाही. नुसती बसून राहिले, पोट भरल्यासारखी.

घरी आल्यावर पिठाचा डबा उघडला. तळाशी दोन मुठी पीठ होतं, जाळं धरलेलं.

"सरलं नाही हं," मी नवऱ्याला डबा दाखवला.

"एलियाला वाढ," तो म्हणाला, आणि टाके धरून हसत बसला.