ऐकणाऱ्याचं घर

समुपदेशकाला बसून ऐकायचं तर असतं, त्यात दमण्यासारखं काय, असं अनेकांना वाटतं. २०२०च्या टाळेबंदीत हे काम घरात आलं आणि माझ्या घरच्यांनाही तसंच वाटू लागलं. बाई घरातच तर आहे!

पूर्वी केंद्रातून घरी यायला बसने पाऊण तास लागायचा. त्या प्रवासाला मी वैतागायचे. पण ऐकलेलं दुःख त्या वेळात थोडं निवळायचं. आता लॅपटॉप मिटला की दोन पावलांवर स्वयंपाकघर. 'जगावंसं वाटत नाही' म्हणणाऱ्या मुलाचा आवाज कानात असतानाच कणीक मळायची.

ग्रीनहाउस आणि ब्युटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये काम आणि कुटुंब यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. वेळेची ओढाताण सगळ्यांना दिसते. नोकरदार क्लायंटला संध्याकाळी सातनंतरची वेळ हवी असते आणि घरालाही तीच. ताणाचं मात्र अवघड आहे. बँकेतली बाई घरी येऊन 'आज काय झालं, माहितेय?' म्हणू शकते. मला ते सांगता येत नाही, कारण गोपनीयता हा आमच्या कामाचा पाया आहे. मग गप्प बसले की घरच्यांना वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय.

वागण्याची ओढाताण मला मुलीने शिकवली. कामावर मी रागवत नाही, निवाडा करत नाही. घरीही तोच सूर लागला, तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, 'तुला काय वाटतं' असं विचारू नकोस. सरळ ओरड ना!"

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेली-मानस सेवा सुरू केली. १४४१६ वर चोवीस तास बोलता येतं. अशी सोय हवीच होती. पण चोवीस तास फोन उचलायचा म्हणजे कोणीतरी रात्रपाळीला बसणार आणि त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असणार. म्हणून दोन कॉलमधली उसंत आणि ज्येष्ठ सहकाऱ्याजवळ मन मोकळं करण्याची जागा कामाच्या वेळातच मिळायला हवी. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

घराकडे मी एवढंच मागितलं: शेवटच्या कॉलनंतर वीस मिनिटं. तेवढा वेळ मी गच्चीवर फेऱ्या मारते, कोणी हाक मारत नाही. कणीक नवरा मळतो. अजून पातळच होते, पण तक्रार कोण करणार?