पंधरा ऑक्टोबर टळल्यावर

मंगळवेढा,
24 ऑक्टोबर 2025

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला यंदा येणं झालं नाही. सीनेच्या पुरानं वाटेचा भराव खचलाय म्हणे, त्यात आत्याचे गुडघे. परवा फोनवर तू तीन गोष्टी एका दमात विचारल्यास: ज्वारी पेरू का, हरभरा पेरू का, की सरळ गहू? आत्यानं काय उत्तर दिलं ते फटाक्यांच्या आवाजात तिलाच ऐकू आलं नाही. म्हणून हा कागद. तात्याला वाचून दाखव, तो चुका काढेलच.

आज स्वाती नक्षत्र लागलं. हस्त गेलं, चित्रा गेल्या. आपल्या सोलापूर भागात कोरडवाहू रब्बी ज्वारी पेरायची ती 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात, असं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ सांगतं, आणि विद्यापीठ नव्हतं तेव्हाही उत्तरा-हस्ताच्या हिशेबानं लोक त्याच सुमाराला चाड्यावर मूठ धरत. खरिपाचं पीक वरून पडणाऱ्या पाण्यावर वाढतं. रब्बीचं पीक पावसाळ्यानं काळ्या रानात ठेवून दिलेल्या ओलीवर जगतं. ही ठेव रोज थोडी थोडी आटते. पेरणी जितकी लांबेल तितकं पीक पोटरीत येताना रान कोरडं सापडतं आणि दाणा पोचट राहतो.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते या ठेवीमुळे. बिदरच्या बादशहाचं धान्य दुष्काळात लोकांना वाटून टाकणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट इथली, आणि 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली मालदांडीही इथलीच. तुमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम 35-1 हा वाण 1930 च्या दशकातला. त्यानंतर वसुधा आली, रेवती आली, सुचित्रा आली, हलक्या रानासाठी अनुराधा आली. तरी म्हातारी माणसं भाकरीची चव मालदांडीशीच ताडून बघतात. हे कौतुक आत्यालाही आहे. पण कौतुकापायी तारीख टळल्यावर सगळं रान ज्वारीनं पेरणं हा हट्ट झाला.

तू पुण्याची नोकरी सोडून आलास आणि पहिल्याच साली असा पूर बघितलास, त्याचं वाईट वाटतं. पण रब्बी बुडालेली नाही. तुमची तिन्ही रानं वेगळी आहेत, तेव्हा हिशेबही तीन.

पहिलं माळाचं. ते हलकं, पाणी धरत नाही, म्हणून वाफसा लवकर आला आणि तात्यानं 9 तारखेला ज्वारी टाकली. हे शहाणपणाचं केलं. ती आता दोन बोटं वर आली असेल. खोडमाशी याच दिवसांत, उगवल्यापासून पहिल्या महिन्यात येते. पोंगा सहज उपटून हातात आला तर समजायचं, आत अळी आहे. बियाण्याला थायामेथोक्झाम चोळलं होतं की नाही, ते तात्याला विचार. काणी रोगासाठी गंधक चोळल्याचं त्यानं सांगितलं, खोडमाशीचं बोलला नाही.

त्या रानात आता खरं काम कोळप्याचं. कागदावर तारखा लिहून भिंतीला लाव: 30 ऑक्टोबर, 13 नोव्हेंबर, 4 डिसेंबर. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात अशा तीन कोळपण्या. पहिली फटीच्या कोळप्यानं, तेव्हा तण निघतं. दुसरी पासाच्या कोळप्यानं, तिनं वरची माती भुसभुशीत होऊन खालची ओल झाकली जाते. तिसरी दातेरी कोळप्यानं. ही तिसरी लोक टाळतात, कारण तोवर तण दिसत नाही आणि मजूर मिळत नाही. पण नेमक्या त्याच वेळी रानाला भेगा पडायला लागतात. भेगेत हात घालून बघ, आतून गार वाफ लागते. ती तुझ्या ज्वारीच्या वाटणीची ओल वर निघालेली असते. दात्यांनी ढेकूळ फुटतं आणि माती भेगेत बसते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आपल्याकडं म्हणतात. माळाला तर दुसरं पाणीच नाही.

दुसरं मधलं काळं रान. तिथं अजून चिखल, आणि शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घातला म्हणून तू घाईला आलायस. घालू नकोस. ओल्या काळ्या मातीत अवजार फिरलं की ढेकळं निघतात, वाळली की दगड होतात आणि बी त्यांच्यात अडकून पडतं. वाफसा बघायची रीत शिकून घे. टाचेनं वरचा थर सारून चार बोटं खालची माती मुठीत घ्यायची, दाबून लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून फुटला तर पेर. चपटा होऊन बसला तर घरी जा, चहा पी, दोन दिवसांनी पुन्हा ये.

तो लाडू फुटेल तेव्हा ऑक्टोबर संपत आलेला असेल. तिथं ज्वारी नको, हरभरा घाल. जिरायत हरभऱ्याचीही वेळ 10 ऑक्टोबरला टळली, पण विहिरीचं पाणी तिथवर पोचतं, आणि बागायती हरभरा 10 नोव्हेंबरपर्यंत पेरता येतो. विजयसारख्या वाणाला एकरी 26 ते 28 किलो बी लागतं, दिग्विजयसारख्या टपोऱ्या दाण्याला 40. मजुरांची फारच अडचण असेल तर फुले विक्रम बघ. तो उंच वाढतो, घाटे वर लागतात, त्यामुळे यंत्रानं काढता येतो. ज्वारी मात्र अजून वाकून हातानं उपटावी लागते, आणि ती मागं पडण्याचं निम्मं कारण तेच आहे.

पुरानंतरच्या रानात मर रोगाची भीती जास्त. किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळ, मग गुळाच्या पाण्यात कालवून दहा किलोला 250 ग्रॅम रायझोबियम, आणि बी सावलीत सुकव. उन्हात सुकवलंस तर औषधाचे पैसे पाण्यात. पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी विस्कटून टाक. तिची ताटं वर आली की पाखरं त्यांच्यावर बसतात आणि घाटेअळी टिपतात. तीन आठवड्यांनी शेंडे खुडले की फांद्या फुटतात आणि घरात भाजी होते. पाणी दोनदा बास. जास्त दिलं तर हरभरा उभळतो, नुसता पाला होतो, आणि येणारे-जाणारे म्हणतात, काय झकास पीक आहे!

दुकानात डीएपी नाही म्हणून अडून बसू नकोस. एका पिशवी डीएपीतलं स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पिशव्यांत येतं, नत्रासाठी अर्धी पिशवी युरिया धर. वर सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतं, ते हरभऱ्याला हवंच असतं.

गव्हाचा मोह तुला विहीर तुडुंब बघून झाला. आत्याच्या घरीही एका साली असाच झाला होता. दिवाळीत विहिरीला हात लागत होता, म्हणून चार एकर गहू केला. जानेवारीच्या मध्याला मोटर फेस ओढू लागली आणि ओंब्या दाण्यावर असताना पाणी तुटलं. गव्हाला पाच-सहा पाण्यांची सवय. तीनच देता येणार असतील तर मुकुटमुळं फुटताना 20-22 दिवसांनी, मग 40-42 आणि 60-65 दिवसांनी. पेरा 15 नोव्हेंबरच्या आत कर, पुढं प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उतारा घटतो, असं विद्यापीठाचं सांगणं. थंडीचाही भरवसा उरला नाही: 2023 च्या फेब्रुवारीत देशातलं दिवसाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनचं सगळ्यात जास्त होतं. तेव्हा घरच्या पोळीपुरता एक एकर, बाकी नाही. उजनी भरली म्हणून सगळे निर्धास्त आहेत, पण तिच्या 117 टीएमसीतलं निम्म्याहून जास्त पाणी अचल साठ्यातलं, आणि तुमचं रान कालव्याखाली नाहीच.

राहिलं नदीकाठचं. त्याच्यावर गाळ किती बसला, कसला बसला, हे खणून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. पोयटा असेल तर नशीब. वाळू असेल तर यंदा तिथं पैसा घालू नकोस. माती तपासायला दे आणि रान मोकळं ठेव. मोकळं रान बघवत नाही, हे तात्याचं दुखणं आत्याला माहीत आहे.

पैशाचंही लिहिते. रब्बीसाठी सरकारनं हेक्टरी 10 हजार जाहीर केलेत. खात्यावर पडल्यावर मोज. एक रुपयातला विमा यंदापासून बंद, आता विमा रकमेच्या दीड टक्का भरायचा. ज्वारीला मुदत 30 नोव्हेंबर, गहू-हरभऱ्याला 15 डिसेंबर. आता भरपाई पीक कापणी प्रयोगात महसूल मंडळाचं उत्पन्न काय निघतं त्यावर ठरते, आपल्या एकट्याच्या रानात पाणी शिरलं म्हणून मिळत नाही. ई-पीक पाहणीत हरभरा असेल तिथं हरभराच लाव, नोंद करणाऱ्या पोरांनी मागल्या वर्षीचंच ढकलून दिलं असं व्हायला नको.

हरभऱ्याचा हमीभाव येत्या हंगामाला 5,875 रुपये. बाजारात तो मिळेलच असं नाही. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून ऑक्टोबर 2025 पर्यंत शुल्क न लागता देशात आला आणि डाळवाल्यांचं काम त्यावर भागलं. मालदांडीला 3,749, तोही खरिपाच्या यादीत छापून येतो, आता बोला! पण ज्वारी नुसती क्विंटलवर मोजायची नसते. दारातल्या दोन म्हशी उन्हाळा काढणार त्या माळाच्या कडब्यावर. म्हणून त्या तिसऱ्या कोळपणीचा एवढा आग्रह.

हरभऱ्याच्या कडेनं करडईच्या चार ओळी टाक. काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही आणि कोवळी असताना भाजी होते. येळवसेला (वेळ अमावस्येला), 19 डिसेंबरला, आत्या येणार आहे, तिला ती भाजी आणि आंबील हवी.

आणि आज रात्रीच एक काम कर. घरातलं हरभऱ्याचं बी पुराच्या ओलीत होतं. त्यातले शंभर दाणे मोज, निवडून नव्हे, हाताला येतील ते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांड, गुंडाळी करून ठेव, रोज पाणी शिंपड. पाचव्या दिवशी उघड आणि शंभरातले किती उगवले तो आकडा फोन करून सांग. सत्तरच्या खाली आला तर ते बी डाळीला काढ आणि नवीन आण.

तुझी आत्या