वेबसाइट आमची, चावी दुसऱ्याच्या खिशात

वेबसाइट बनवायला कोणते सॉफ्टवेअर चांगले, असा प्रश्न आम्हाला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणारे बहुतेक कार्यकर्ते असतात आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. आम्ही संगणक अभियंते नाही. समाजशास्त्रात एम.ए. केले, वस्तीत काम करतो आणि गरज पडली म्हणून हे शिकलो. तेव्हा आमचे म्हणणे तज्ज्ञाचे मत न समजता ठेच लागलेल्या माणसाचे बोलणे समजावे.

ठेच अशी लागली. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी आम्ही शिष्यवृत्ती, वसतिगृह प्रवेश, जात पडताळणीची कागदपत्रे अशी माहिती देणारी वेबसाइट सुरू केली होती. माऊसने चित्र उचलायचे, पानावर ठेवायचे, झाली वेबसाइट, अशा प्रकारची ती सेवा. भाडे डॉलरमध्ये, एका मित्राच्या कार्डावरून आपोआप कापले जाई. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला की कार्डावरून अशी आवर्ती वसुली ग्राहकाने ठरलेल्या पद्धतीने मान्यता दिल्याशिवाय होणार नाही. नियम आपल्याच हिताचा आहे. पण आमच्यापैकी कुणी लक्ष दिले नाही, भाडे गेले नाही आणि ऐन अर्ज भरण्याच्या दिवसांत वेबसाइट बंद. मुलांचे फोन सुरू झाले, ‘दादा, ती यादी दिसत नाही.’

पैसे भरून ती परत सुरू झाली हो, पण आम्ही घाबरलो होतो. सगळे उचलून दुसरीकडे न्यायचे ठरवले, तेव्हा खरा प्रकार कळला. त्या सेवेतून पाने बाहेर काढण्याची सोयच नव्हती. दोन वर्षांत लिहिलेली शंभरावर पाने एकेक उघडून, मजकूर निवडून, वहीत उतरवावा तशी उतरवावी लागली. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, ज्याने सुरुवातीला मदत केली त्याच्या ईमेलवर नोंदवलेले! तो भला माणूस नोकरीसाठी परगावी गेलेला, पासवर्ड विसरलेला. दोन आठवडे गेले त्यात.

मग प्रश्न असा, की आम्ही त्या सॉफ्टवेअरची निवड केली तेव्हा काय पाहिले होते? सोपे आहे का, दिसायला छान आहे का, एवढेच. उद्या हे सोडायचे झाले तर हातात काय उरेल, हे कुणी विचारले नाही. समाजशास्त्राच्या वर्गात उत्पादन साधनांच्या मालकीवर पानेच्या पाने लिहून आलेलो आम्ही, आणि स्वतःच्या कामात मालकीचा विचार शून्य!

आता आम्ही कोणतेही साधन घेण्याआधी त्यातून काम बाहेर काढून पाहतो. एक नमुना पान बनवतो, ते फाइल म्हणून उतरवतो, दुसऱ्या संगणकावर उघडतो. उघडले तर पुढची बोलणी. साधी एचटीएमएल आणि सीएसएसची पाने या परीक्षेत कायम उतरतात, कारण ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात. ती लिहायला आम्ही मायक्रोसॉफ्टचे व्हीएस कोड वापरतो, फुकट मिळते. पण देणगीत आलेला अभ्यासिकेचा जुना संगणक त्याने दमतो, तिथे नोटपॅड प्लस प्लस बरे. जिथे चार जणांनी रोज मजकूर टाकायचा असतो, तिथे वर्डप्रेस. ते २००३ पासून आहे आणि मुक्त परवान्याचे आहे. त्यातला मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो. मात्र त्या फाइलमध्ये चित्रे येत नाहीत, ती वेगळी उतरवावी लागतात. आणि वर्डप्रेसवर पाने सजवणारी जी प्लगइन बसवतात त्यांच्यापासून जपून. त्यातली काही काढून टाकली की मजकुराच्या जागी चौकटी कंसातल्या खुणांचा कचरा उरतो. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या आतही पिंजरा बांधता येतो.

दुसरी अडचण मराठीची. आमच्या जुन्या पत्रकांच्या फाइली डीटीपीच्या फॉन्टमध्ये होत्या. त्या वेबसाइटवर चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे, कारण त्या फॉन्टमध्ये ‘क’चे चित्र इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेले असते. फॉन्ट गेला की अर्थ गेला. ही तीच गोष्ट झाली, मजकूर आपला आणि चावी फॉन्टवाल्याकडे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी पत्रके जुन्या फॉन्टमध्ये करून घेण्याची सवय सुटत नाही. आम्ही ती सगळी पत्रके युनिकोडमध्ये आणली. फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी वापरतो, दोन्ही मुक्त परवान्याचे. चित्रांवर मराठी अक्षरे टाकायला इंकस्केप आणि गिम्प. काही महागड्या संपादकांत योग्य पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलत्या बाजूला जाते, या दोन्हींत तसे होत नाही.

एक सूचना डिझाइन शिकणाऱ्या मुलांना. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढवायची फॅशन आहे. मराठीत ते केले की शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरचे अनुस्वार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. हे महागडे सॉफ्टवेअर घेऊन सुधारत नाही, डोळे उघडे ठेवून सुधारते.

काही जण म्हणतात, फुकटचे ते टाकाऊ. काही म्हणतात, कार्यकर्त्याने एवढे शिकत बसायचे का? पहिल्यांना आम्ही फार बोलत नाही. निम्म्याहून अधिक वेळा ते स्वतः चोरीचे सॉफ्टवेअर वापरत असतात. दुसऱ्यांचे म्हणणे मात्र खरे आहे. एका दिवसाच्या कार्यक्रमाची पत्रिका करायची असेल तर तयार साचा घ्या, मोकळे व्हा. पण जी माहिती पाच वर्षांनीही कुणाला तरी लागणार आहे, तिथे शिकण्याचा त्रास टाळला तर तो त्रास पुढे त्या मुलांच्या वाट्याला जातो. आमच्याकडे तेच झाले.

आता बारावीतली एक मुलगी आणि तिचा भाऊ आमची पाने सांभाळतात. नवे पान टाकण्याआधी ती आपल्या आईच्या जुन्या फोनवर उघडून बघते, उशीर लागला तर चित्रे बारीक करते. डोमेन संस्थेच्या ईमेलवर आहे, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली जाते. तो पेनड्राइव्ह अभ्यासिकेच्या कपाटात, हजेरीवहीशेजारी असतो.