समोरच्या फुटपाथवरून

व्यापारी पेठेतील दिवाळीच्या रोषणाईचे एक वैशिष्ट्य असे की, तिचा खर्च ज्याच्या खतावणीत पडतो त्या दुकानदाराला ती जवळजवळ दिसतच नाही. तो आत गल्ल्यापाशी, गिऱ्हाइकांच्या गराड्यात बसलेला असतो. त्याच्या डोक्यावर, दर्शनी भिंतीवर, सज्जांच्या कठड्यांवर आणि गच्चीच्या कंगोऱ्यांवर तेजाचा जो काही उत्सव चाललेला असतो त्याचा प्रेक्षक रस्त्याच्या पलीकडे उभा असतो, आणि तो प्रेक्षक बहुधा त्या दुकानात पाऊलही टाकणार नसतो. इमारतींवर दिवे चढविण्याच्या या धंद्यात माझे आयुष्य गेले. आणि त्यातून जे एक मत माझ्या मनात पक्के बसले ते हेच की, रोषणाईचा खरा धनी रस्ता आहे, दुकानदार हा तिचा खर्च उचलणारा यजमान आहे, आणि कारागिराने या दोघांचीही चाकरी सारख्याच निष्ठेने केली पाहिजे.

दसऱ्याच्या आगेमागे बोलावणी येऊ लागतात. मालक आपल्या दाराशी उभे राहून, मान मागे टाकून, बोटाने दाखवीत जातात: इथे झालर, तिथे कमान, वर नावाच्या पाटीभोवती फिरते दिवे. मी सगळे ऐकून घेतो आणि मग म्हणतो, "शेठ, जरा रस्ता ओलांडून या." पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर हा रस्ता ओलांडण्याचा उपक्रम सोपा नाही, पण तो केल्यावाचून मी अंदाजपत्रक करीत नाही. समोरच्या फुटपाथवरून पाहिले म्हणजे ध्यानात येते की रस्ता अरुंद आहे, गर्दीतल्या माणसाची नजर पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या वर क्वचितच चढते, आणि ज्या कंगोऱ्यावर मालकांना सर्वांत अधिक दिवे हवे असतात तो इथून तिरपा, चेपलेला आणि तारांच्या जाळ्याआड गेलेला दिसतो. त्याच इमारतीची बाजूची भिंत मात्र, चौकातून येणाऱ्याला, पुष्कळ दुरून आणि पुष्कळ वेळ दिसत राहते. गणेश विसर्जनाची मिरवणूक ज्या दिशेने अलका टॉकीज चौकाकडे सरकते त्या दिशेने एकदा चालून पाहावे. कोणती भिंत बोलते आणि कोणती मुकी राहते हे आपोआप कळते.

पुष्कळांच्या मनात म्हैसूरचा राजवाडा असतो. "म्हैसूरसारखं होऊन जाऊ द्या," ही फर्माईश मी कितीदा ऐकली असेल! ती फर्माईश करणाऱ्याच्या रसिकतेविषयी मला आदरच वाटतो, कारण रविवारी संध्याकाळी तो राजवाडा एकदम उजळतो तेव्हा मनुष्य स्तब्ध होतो यात शंका नाही. हेन्री आयर्विन यांनी रचलेली आणि 1912 साली पुरी झालेली ती वास्तू. तिच्या प्रत्येक कमानीची, घुमटाची आणि मनोऱ्याची कड दिव्यांनी आखलेली. दिव्यांची एकूण संख्या लाखाच्या घरात. परंतु त्या रोषणाईचे रहस्य दिव्यांच्या संख्येत जितके आहे तितकेच ते राजवाड्यासमोरच्या विस्तीर्ण पटांगणात आहे. इतक्या अंतरावरून पाहताना सुटे दिवे एकमेकांत मिसळून रेघ होतात आणि त्या रेघांची इमारत होते. तेच दिवे दहा पावलांवरून पाहिले तर रेघ मोडते आणि डोळ्यांना बोचणारे ठिपके उरतात. आपल्या देवळांतील दीपमाळ घडविणाऱ्या पाथरवटांनाही ही गोष्ट पुरती ठाऊक होती. स्तंभाला सर्व बाजूंनी दगडी हात काढावयाचे, ते वर जाताना जवळ आणायचे, म्हणजे प्रांगणात कोठेही उभ्या असलेल्या भाविकाला ज्योतींचा एक अखंड शेंडा दिसावा, ही योजना ज्याने प्रथम केली त्याने आधी पाहणाऱ्याची जागा ठरविली होती. म्हणून पेठेतल्या दुकानाला मी कडा आखून देत नाही. सज्जाच्या आत, पाहणाऱ्याच्या नजरेआड दिवे ठेवून त्यांचा उजेड भिंतीवर सोडतो. दिवा दिसू नये आणि भिंत दिसावी, ही अरुंद रस्त्यावरची रीत आहे. हुगळीकाठच्या चंदननगरचे कारागीर जगद्धात्री पूजेसाठी रस्त्यावर प्रकाशाची जी हलती चित्रे उभारतात तीही चालत्या माणसाच्या नजरेच्या उंचीचा विचार करून बांधलेली असतात, आणि त्यांच्यापासून आपल्याकडील मोठमोठ्या व्यापारी संकुलांनी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

पूर्वी या कामाला एक नैसर्गिक मर्यादा होती, आणि ती मर्यादा वीज मंडळाच्या मंजूर भाराची होती. ज्याला सगळे 'झिरोचा बल्ब' म्हणत तो प्रत्यक्षात पंधरा वॅटच्या आसपास वीज खाई. असे 500 दिवे लावायचे म्हणजे साडेसात किलोवॅट, म्हणजे 230 व्होल्टवर 33 अँपियरच्या घरात प्रवाह. त्यासाठी तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करावा लागे, अनामत भरावी लागे, जाड तार ओढावी लागे. आणि या सर्व खटाटोपामुळे मालक आणि कारागीर दोघेही प्रत्येक दिव्याची जागा हिशेबाने ठरवीत. आज त्याच 500 जागांवर अर्ध्या वॅटचा एकेक एलईडी बसविला तर एकूण भार 250 वॅट होतो, म्हणजे घरातल्या तीन-चार पंख्यांइतका. हा लाभ फार मोठा आहे, वायर तापत नाही, आगीची धास्ती पुष्कळ कमी झाली, आणि मी स्वतः जुन्या दिव्यांकडे परत जाण्याचा आग्रह मुळीच धरणार नाही. पण भाराने घातलेली मर्यादा उठली तशी दुसरी कोणतीही मर्यादा तिच्या जागी आली नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत माळांचे ढीग पडलेले असतात, त्या स्वस्त असतात, आणि स्वस्त आहेत एवढ्याच कारणाने त्या भिंतीवर चढतात. जो संयम पूर्वी मीटर शिकवीत असे तो आता कारागिराने आपल्या अंगी आणला पाहिजे, आणि मालकांना तो पटवून देण्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

या संयमाची खरी कसोटी दुकानाच्या दारात लागते. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक बायका साडी पसंत करण्यापूर्वी ती हातावर टाकून दारापर्यंत येतात, पदर उलगडून बाहेरच्या उजेडात धरतात, सोबतच्या जावेला किंवा लेकीला "बघ गं, हा मोरपंखीच आहे ना?" असे विचारतात. दिवसा तो उजेड सूर्याचा असतो. दिवाळीत खरेदी संध्याकाळनंतर चालते, आणि तेव्हा तो उजेड माझा असतो. दारावर निळ्या-तांबड्या उघडझाप करणाऱ्या माळा सोडल्या तर मोरपंखी क्षणात जांभळा होतो, क्षणात काळा पडतो. म्हणून उंबऱ्यापासून चार-सहा हातांच्या आत मी रंगीत दिवा येऊ देत नाही. तेथे स्थिर, पांढरा, रंग खरे दाखविणारा दिवाच हवा, ही माझी अट असते. सराफाच्या पेढीचे गणित निराळे आहे. सोन्याला पिवळसर, 2700 ते 3000 केल्व्हिनचा उजेड मानवतो. 6500 केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्या दिव्याखाली तेच सोने फिकट दिसते.

स्वस्त माळांचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे, कारण तो डोळ्यांना जाणवतो आणि पुष्कळांना त्याचे कारण कळत नाही. घरगुती वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते; ज्या माळेत प्रत्येक आवर्तनाचा अर्धाच भाग वापरलेला असतो ती सेकंदाला पन्नास वेळा विझते. टक लावून पाहिले तर हे दिसत नाही, पण मान वळविताना डोळ्यांच्या कोपऱ्यात दिवे तुटक ठिपक्यांनी सांडतात आणि थोड्या वेळाने डोके जड होते. माळ विकत घेण्यापूर्वी ती हातात धरून झपकन हलवून पाहावी. रेघ अखंड दिसली तर घ्यावी.

जुन्या तांदूळ-बल्बच्या माळांनी माझ्या पिढीला धीर शिकविला. सहा-सहा व्होल्टचे चाळीसएक दिवे एकामागे एक गुंफलेले. त्यांतला एक गेला की सारी माळ अंधारी. उस्तादांनी दाखविलेली युक्ती अशी: माळेचे एक टोक फेजला जोडलेले ठेवायचे आणि टेस्टर एकेका दिव्याच्या पायाशी टेकवीत पुढे सरकायचे, जोवर टेस्टरमधला निऑन तांबूस उजळतो तोवर मार्ग शाबूत आहे, जेथे तो उजळेनासा होतो त्याच्या अलीकडचा दिवा गेलेला. शिडीच्या वरच्या पायरीवर, एका हाताने कठडा धरून ही तपासणी करताना बोटांना जी सावधगिरी लागे ती आजही उपयोगी पडते. कारण दिवे बदलले तरी पाणी बदललेले नाही. परतीचा पाऊस ऐन दिवाळीत येतो, आणि तो उघड्या जोडाची वाटच पाहत असतो. तार पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाते, पेटीत शिरत नाही. पेटीचे तोंड खाली असावे. प्रत्येक जोडणीवर 30 मिलिअँपियरच्या गळतीला तुटणारे यंत्र असावे. लोखंडी शटरला लागून तार नेऊ नये. ही कामे कोणाला दिसत नाहीत, आणि अंदाजपत्रकातून प्रथम कात्री त्यांनाच लागते. तेथे मी तडजोड करीत नाही, काम सोडतो. जी व्यक्ती केवळ रोषणाई पाहायला पोराला कडेवर घेऊन आली आहे, आणि जिचा हात सहज शटरला लागणार आहे, तिने आमच्याशी कोणताही करार केलेला नाही; तरी तिच्या जिवाचा भार आमच्यावर आहे.

पेठेतील पुष्कळ इमारतींत खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे असतात, ही गोष्ट विसरून चालत नाही. वरच्या मजल्यावर आजारी म्हातारे निजलेले असतात, परीक्षेची पोरे असतात. त्यांच्या खिडकीसमोर रात्रभर उघडझाप चालू ठेवणे हा जुलूम आहे. म्हणून खिडकीची चौकट मी मोकळी सोडतो आणि अकरा वाजता सर्व दिवे मालवतील असे घड्याळी बटण बसवितो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, वह्यांवर कुंकू चढत असते आणि उंबऱ्याशी पणत्या लागतात, तेवढ्या वेळेपुरते दारावरचे दिवे निम्मे उतरविण्याची सोयही मी करून देतो. पणतीला तिच्या हक्काची जागा मिळाली पाहिजे. काही पेढ्यांवर आता मला सांगावे लागत नाही, दुकानातला मुलगा आपणहून बटण फिरवतो.

त्रिपुरी पौर्णिमा उलटली की उतरविणे सुरू होते. चढविण्यापेक्षा हे काम अधिक लक्ष देऊन करण्याचे आहे, कारण कोणत्या जोडात पाणी शिरले, कोणती टेप उन्हाने सुटली, कोणत्या सज्जावर पारव्यांनी तार ओढली, याची कबुली इमारत फक्त तेव्हाच देते. माळ गुंडाळताना तिला पीळ पडू द्यायचा नाही, प्रत्येक गुंडाळीला इमारतीचे नाव, मजला आणि दिशा लिहिलेली चिठ्ठी बांधायची, आणि सापडलेले दोष त्याच दिवशी वहीत टिपून ठेवायचे. दिव्यांची नवी खरेदी त्या टिपणांवरून ठरते. यंदा दोन ठिकाणी बाजूच्या भिंतीसमोर नवे बांधकाम उठले आहे, तेव्हा तेथली तजवीज पुन्हा मुळापासून करावी लागेल, असे मी मालकांना आताच कळवून ठेवले आहे.