आईची जपमाळ

पवनेच्या काठी, रावेतला जिथे शेते होती तिथे आता इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत ठिकठिकाणांहून आलेली माणसे. आमच्या इमारतीतील ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच. नाताळात एकमेकांकडे फराळ जातो. रविवारी सकाळी मात्र फाटकाबाहेर पडल्यावर एक कुटुंब चिंचवडच्या दिशेला वळते, दुसरे देहूरोडच्या, तिसरे खडकीच्या. यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. आई जाईपर्यंत आम्हालाही वाटले नव्हते.

आई जन्माने राहाता भागातील कॅथलिक. वडिलांचे घराणे नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. लग्नानंतर जवळजवळ पन्नास वर्षे ती वडिलांच्या मंडळीत बसली. 'उपासना संगीता'तील टिळकांची पदे तिला पाठ होती. पण तिच्या खणात जपमाळ असे, आणि रात्री दिवा मालवल्यावर मण्यांचा बारीक आवाज आम्ही लहानपणी ऐकलेला आहे. वडिलांनी तिला त्याबद्दल कधी विचारले नाही. त्या न विचारण्यालाच आम्ही घरातली एकी समजत आलो.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्या दुपारी मामांनी फादरांना बोलावले, काकांनी पाळकांना. दोघेही सज्जन, दोघेही दारात थबकले. वाद त्यांच्यात झाला नाही, नातेवाइकांत झाला. शेवटची प्रार्थना कोणी करायची? माळ हातात द्यायची की नाही? 'पन्नास वर्षे त्या आमच्या मंडळीत होत्या' असे एकीकडून. 'तिचा स्नानसंस्कार आमच्याकडचा' असे दुसरीकडून. एकाच भाषेत एका विधीला एकांकडे 'बाप्तिस्मा' म्हणतात, दुसऱ्यांकडे 'स्नानसंस्कार'. त्या दिवशी ते दोन शब्द मालकीहक्काच्या दोन कागदांसारखे ऐकू आले. शब्दांवरच पोट भरणारे आम्ही मात्र गप्प राहिलो. ज्यांचा आवाज मोठा, त्यांच्या मताप्रमाणे सारे पार पडले. माळ खणातच राहिली. मामा दफनाला आले नाहीत.

हा कलह नवा नाही. करिंथच्या मंडळीत कुणी स्वतःला पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा म्हणवू लागला तेव्हा खुद्द पौलाला पत्र लिहून त्यांना खडसवावे लागले होते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांना ख्रिस्त हवा होता, धर्माधिकाऱ्यांचे नवे जोखड नको होते. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा ताण पानोपानी जाणवतो. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांनी तिथे एकत्र यावे, ही त्यांची कल्पना. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार तग धरू शकला नाही. पुढे, 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अस्तित्वात आले. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन अशा वेगवेगळ्या परंपरांची माणसे त्यात आली, आमचे नगरकरही आले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले. कॅथलिकांचा तर त्या योजनेत प्रश्नच नव्हता.

म्हणजे संस्थांची एकी घडवायला चार दशके लागतात आणि तरीही कुणीतरी उंबऱ्याबाहेर राहतेच. या प्रयत्नांना आम्ही कमी लेखत नाही. पण घरात मृत्यू झाला की हाताशी चार दशके नसतात, जेमतेम चार तास असतात. तेव्हा उपयोगी पडतो तो आधी झालेला संवाद. आमच्याकडे तो झालाच नव्हता. वडिलांच्या न विचारण्यात आदर होता, यात शंका नाही; परंतु त्यामुळे आईला काय हवे होते हे सांगू शकणारे कुणीच घरात उरले नाही. भांडण टाळणे आणि गप्प बसणे या दोन गोष्टी आम्ही आयुष्यभर एकच समजलो. गप्प बसल्याने भांडण टळत नाही. ते फक्त पुढच्या माणसाच्या पदरात पडते.

काही महिन्यांनी आम्ही माळ घेऊन राहात्याला गेलो. मामांनी ती हातात घेतली, बराच वेळ मणी चाचपले आणि परत दिली. 'तिच्या घरीच राहू दे,' एवढेच म्हणाले. मग जेवायला बसवले. दफनाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हालाही काढवला नाही. ते राहूनच गेले.

परतल्यावर वडिलांना मात्र विचारले, 'दादा, तुमच्या वेळी काय करायचे?' ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, 'आधी तुझ्या मामाला कळव. त्याला वाटले तर त्याने फादरांनाही आणावे. आपले पाळक आहेतच.' थोडे थांबून त्यांनी खणाकडे पाहिले आणि म्हणाले, 'हे तिला विचारायला हवे होते.'

त्यांचे म्हणणे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. खाली त्यांची सहीही घेतली आहे.