हरवलेल्या १४ अब्ज पेशी

आम्ही शिकलो तेव्हा माणसाच्या मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी होत्या. आता ८६ अब्ज आहेत. मधल्या काळात माणसाचं डोकं आटलं असं नाही. पूर्वी कुणी त्या नीट मोजल्याच नव्हत्या. २००९ साली ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार माणसांचे मेंदू विरघळवून पेशींची केंद्रकं मोजली आणि आकडा खाली आला. ग्लिया नावाच्या आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हेही आम्ही पेपरात लिहिलं होतं. त्या जवळपास तेवढ्याच निघाल्या. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकून पुढे मेंदूच्या मागे लागलेल्या आमच्या पिढीनं हे दोन्ही आकडे घोकून मार्क मिळवले आहेत. ते परत मागायला अजून कुणी आलेलं नाही.

खान्देशातली कॉलेजं तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, आणि त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं ते २०१८ साली. म्हणजे आमचे पेपर पुण्याहून यायचे, निकाल पुण्याहून यायचा आणि बेडूक मात्र इथलाच असायचा. मेण ओतलेला ट्रे, चार पायांना चार टाचण्या आणि हाताला फॉर्मलीनचा वास. दुपारी कळण्याची भाकरी खातानाही तो वास जायचा नाही. पुढे एमएस्सीला काजळीचा ड्रम भेटला. गुळगुळीत कागद ड्रमला गुंडाळायचा, रॉकेलच्या ज्योतीवर फिरवत त्याला काजळी धरायची, बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या शिरेसकट सोडवून सुईला बांधायचा. शिरेला विजेचा झटका दिला की स्नायू आखडायचा आणि सुई काळ्या कागदावर पांढरी टेकडी काढायची. मग तो कागद अलगद उतरवून लाखेच्या वॉर्निशमध्ये बुडवायचा आणि वाळत टाकायचा. कुणी मध्येच शिंकलं तर टेकडीचा सातपुडा व्हायचा.

आता ती टेकडी संगणकाच्या पडद्यावर येते. बेडूक लागत नाही, काजळी लागत नाही, शिंकायलाही मोकळीक आहे. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं आणि चांगलंच केलं. वर्गातल्या निम्म्यांना त्या बेडकातून काही कळायचं नाही आणि उरलेल्यांना जे कळायचं, ते आकृतीवरूनही कळलं असतं. तरीही मनात येतं, की ‘कारक चेतापेशी’ हे शब्द पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिचा हुकूम बोटाखाली थरथरताना जाणवणं वेगळं. लगेच दुसरा विचार येतो, की हे बेडकाला विचारायला हवं होतं.

ही कारक चेतापेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, मोठी अजब चीज आहे. तिचं शरीर मज्जारज्जूत, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. आणि तिचा तंतू कमरेपासून थेट पायाच्या स्नायूपर्यंत, जवळजवळ मीटरभर. पेशी लिंबाएवढी धरली तर तिचं शेपूट अर्धा किलोमीटर जाईल. एवढा लांबचा संसार चालवणाऱ्या या पेशी मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये एकेक करून मरतात. आधी हातातून पेला सुटतो किंवा पाय अडखळतो, मग जीभ जड होते, शेवटी श्वास. डोळे बहुधा हलत राहतात, स्पर्श कळत राहतो, बहुतेकांना सगळं समजतही असतं. फ्रान्सच्या शार्कोनं या आजाराचं रूप १८६९ च्या सुमारास मांडलं. बहुतेकांच्या हाती लक्षणं दिसल्यापासून दोन ते पाच वर्षं असतात. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आजार १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी कळला आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते अपवाद. आमच्याकडे मात्र त्यांच्यामुळेच हा ‘हॉकिंगवाला आजार’ म्हणून ओळखीचा झाला, आणि प्रत्येक घराला वाटू लागलं, की आपले आप्पाही अपवाद असतील.

पूर्वी गावात कुणाचा हात असा पडला की अंगावरून वारं गेलं म्हणायचे. मग मालिश, मग भगत, मग बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं, आणि वावर गहाण पडायच्या बेतात असताना मुंबई. रात्रीची गाडी, दादरला उतरणं, धर्मशाळा, सकाळी सरकारी दवाखान्याची रांग. मोठे डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगायचे आणि तिच्यावर किडे वळवळल्यासारखी थरथर दिसली की क्षणभर गप्प व्हायचे. नंतर मुलाला बाजूला घेऊन सांगायचे. परतीच्या प्रवासात बाप विचारायचा, “काय म्हणे डाक्तर?” आणि मुलगा म्हणायचा, “व्हयी जाई म्हणे, जिभाऊ.”

आता जळगावात आणि धुळ्यात एमआरआय आहे, नसांची तपासणी आहे, मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या फोनवर येतो आणि पाचोऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहता पाहता तो स्वतःच आयुर्मानाचा आकडा वाचतो. डॉक्टरनं मुलाला बाजूला घेण्याचा तो रिवाज गेला. आम्हाला त्यात माया दिसायची. पण ते गुपित पोटात घेऊन रात्रभर भुसावळच्या गाडीत बसलेल्या त्या मुलाला कुणी विचारलं नाही, आणि ज्याचं मरण होतं त्याला तर मुळीच नाही. मानेचा मणका दबलाय असं समजून ऑपरेशन करून घेतलेले रुग्णही तेव्हा कितीतरी भेटायचे. तसे आताही भेटतात, एमआरआय असूनही.

संशोधन तेव्हा हातोडीनं व्हायचं. अतिशयोक्ती नाही. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. तिच्यामागच्या नव्या विषाणूनं १९६९ मध्ये घानात प्रथम तोंड दाखवलं, आणि माणूस त्याच वर्षी चंद्रावर उतरला म्हणून तिकडे लोक त्या आजाराला अपोलोचं नाव देऊन मोकळे झाले. जे.जे. रुग्णालयात डॉ. नोशिर वाडिया यांच्या ध्यानात आलं, की डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी काही मोठी माणसं पोलिओ झाल्यासारखे लुळे पाय घेऊन येत आहेत. मोठ्यांना पोलिओ सहसा होत नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना बोलतं केलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, नोंदी ठेवल्या, आणि १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, की हा डोळ्यांचा विषाणू मज्जारज्जूवरही हल्ला करतो. “तुमचे डोळे आले होते का?” हा एक प्रश्न विचारायचं सुचणं, यातच निम्मा शोध होता.

आज असा रुग्ण आला तर पाठीतल्या पाण्याची जनुकीय चाचणी होईल आणि विषाणूचं नाव हाती येऊ शकेल. हे अर्थातच बरं आहे. वाडियांच्या हातोडीचं कौतुक करताना आम्ही विसरतो, की त्या माणसांच्या पायांसाठी तेव्हा कुणाकडे काहीच नव्हतं. शोध आमचा अभिमान झाला. कुबडी त्यांची राहिली.

आता ज्याच्यासाठी खरोखर जीव तुटतो ते सांगतो. रीप्रिंटचं कार्ड. परदेशी नियतकालिकातला लेख हवा असेल तर लेखकालाच पत्र टाकायचं, हा जगभरचा रिवाज होता. त्यासाठी छापील कार्डं असायची. आम्ही ती लग्नपत्रिकांच्या प्रेसमधून छापून घ्यायचो. एकदा त्यांच्या कोपऱ्यात सवयीनं गणपतीही छापून आला होता. गाळलेल्या जागी लेखाचं नाव, नियतकालिकाचं नाव, पान आणि तळाशी वळणदार सही. मग हवाई टपालाचं तिकीट लावून पेटीत. पुढचे दोन-तीन महिने पोस्टमन दिसला की छाती धडधडायची. आणि मग जाड पाकीट यायचं, गुळगुळीत कागदावरचा लेख आणि कोपऱ्यात शाईनं ‘शुभेच्छांसह’ अशा अर्थाच्या दोन शब्दांखाली त्या माणसाची सही. अमेरिकेचे काही मोठे लोक उत्तर द्यायचे नाहीत, पण पूर्व युरोपातले हटकून द्यायचे. तिकिटं शिपाईमामांच्या मुलाकडे जायची, लेख आमच्याकडे. तो वाचताना पेन्सिल हलक्या हातानं चालायची, कारण दुसरी प्रत मिळणार नव्हती. आणि उलट आपल्या एखाद्या किरकोळ लेखाला ब्रनोहून कार्ड आलं, तर त्या दिवशी सगळ्या विभागाला चहा.

आता लेख अर्ध्या मिनिटात येतो. माझ्या संगणकात न वाचलेले इतके लेख साठले आहेत, की ते कागदाचे असते तर माळा कोसळला असता. आपला लेख किती जणांनी उतरवून घेतला याचा आकडा पडद्यावर फिरतो, पण वाचला कुणी ते कळत नाही. अर्थात तेव्हा तरी कुठे कळायचं? ब्रनोच्या त्या गृहस्थानं वाचला असेलच, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. कदाचित त्यालाही गांधींचं तिकीटच हवं असेल.

आणि वाट पाहण्याची किंमत कोण मोजत होतं? १९९३ च्या मार्चमध्ये एसओडी-१ या जनुकातले दोष सापडले. घराण्यात चालणाऱ्या मोटर न्यूरॉन डिसीजचं पहिलं जनुकीय कारण. नियतकालिक बोटीनं यायचं, त्यामुळे आमच्यापर्यंत बातमी पोचेतो पावसाळा लागला होता. तोवर तिकडे लोक पुढच्या प्रयोगाला लागले होते, आणि आम्ही मागचाच प्रयोग मोठ्या निष्ठेनं करत बसलो होतो.

पेशींची ने-आण हाही एक विधी होता. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पेशींची बाटली घेतली, की ती ऊब टिकावी म्हणून शर्टाच्या आत छातीशी धरून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आणायची. चाळीसगाव येईपर्यंत शेजारचा विचारायचाच, “भाऊ, काय शे त्यामा?” औषध आहे म्हटलं की तो सरकून जागा द्यायचा. आता पेशी गोठवून, कोरड्या बर्फाच्या खोक्यात, कुरियरनं येतात आणि धडधाकट येतात. आमच्या छातीशी आलेल्यांपैकी कित्येकींना मनमाडच्या आसपासच बुरशी लागलेली असायची.

त्यातही आमच्या पेशी उंदराच्या. आजारी माणसाची कारक पेशी जिवंतपणी पाहायला मिळणं शक्यच नव्हतं. तिच्यासाठी मज्जारज्जू कोण कापू देईल? त्या फक्त मेल्यावर दिसायच्या, आणि मेल्यानंतर उरायच्या किती! २००६ मध्ये जपानच्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींना चार जनुकं देऊन त्यांचं बालपण परत आणलं, पुढच्या वर्षी माणसाच्याही. २००८ मध्ये अमेरिकेत हा आजार असलेल्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या त्वचेपासून काचेच्या बशीत कारक पेशी तयार झाल्या. ८२ वर्षांच्या आजीच्या नव्याकोऱ्या चेतापेशी! आम्ही ते वाचलं आणि आमची सगळी कारकीर्द एका दिवसात जुनी झाली. वाईट वाटलं का? वाटलं. पण असूयेपेक्षा उशीर झाल्याचं.

एवढं होऊनही औषधांच्या बाबतीत हात आखडताच आहे. रिल्युझोलला १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली; चाचण्यांत त्यानं दोन-तीन महिने वाढवले होते. २००८ मध्ये लिथियमनं आजार थोपतो असा लहानसा इटालियन अभ्यास आला, रुग्णांनी स्वतःहून गोळ्या सुरू केल्या आणि पुढच्या मोठ्या चाचण्यांत त्यातलं काही उरलं नाही. २०२३ मध्ये टोफरसेन आलं, पण ते एसओडी-१ चा दोष असलेल्यांपुरतं, म्हणजे शंभरात जेमतेम दोघांसाठी. पूर्वी भगत होता. आता ‘स्टेम सेल’ची पाटी लावून लाखो रुपये घेणारे आहेत. भगत निदान कोंबड्यावर भागवायचा.

आमच्या भागातल्या मुली आता बंगळुरूला, एडिनबरोला याच पेशींवर काम करतात. चोपड्याकडची एक परवा फोनवर बोलत होती. तिला रीप्रिंटच्या कार्डाचं सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, “मग सर, तुम्ही तीन महिने करायचात काय?” उत्तर सुचलं नाही. मग ती दिवाळीचं सांगू लागली. बशीतल्या पेशींचं पाणी एक दिवसाआड बदलावं लागतं, त्यांना लक्ष्मीपूजन कळत नाही, म्हणून ती पाडव्याला एका रात्रीपुरती येणार. आई रागावली आहे. बापानं बामणोदची वांगी आताच सांगून ठेवली आहेत आणि भरीत विमानात नेऊ देतात का, याची चौकशी चालू आहे.