अनशापोटी कवायत

अमरावतीत वाढलेल्या माणसाला व्यायामाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. व्यायाम पहाटे, अनशापोटी करावा, ही तालमीची शिकवण. त्यामुळे उपाशी मुलांना मैदानावर उभे करू नये असे कोणी म्हटले, की जुनी माणसे हसत. मात्र त्या शिकवणीचा उत्तरार्ध ती विसरत. जोर-बैठका संपल्या, की हाती भिजविलेले हरभरे नि दुधाचा पेला येई. आदल्या रात्रीचे जेवणही पोटभर झालेले असे.

पुढे अकोल्यात शिक्षिका झाले, तेव्हा हा उत्तरार्ध किती मोलाचा होता ते उमगले. आमच्याकडे उन्हाळ्यात शाळा सकाळी सातच्या सुमारास भरते. दुपारचे ऊन पाहता दुसरा इलाजही नाही. पाचवीतील एक मुलगी कवायतीच्या तासाला हटकून निंबाखाली बसून राही. 'आळशी' हा शेरा तिला केव्हाच मिळालेला. एकदा तिला जवळ बोलावून विचारले, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"निस्ती चाय पेली, बाई. माय पहाटीच वावरात गेली."

वऱ्हाडातील मजूर घरात न्याहारी नसते असे नाही. रात्रीची भाकर, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी असे काहीबाही असते. पण ते फडक्यात बांधून आईबरोबर वावरात जाते आणि ऊन चढल्यावर बांधावर खाल्ले जाते. सातची शाळा त्या वेळापत्रकात बसत नाही. सुखवस्तू घरांतील मुले तरी कोठे नीट खातात? चहात बुडविलेली दोन बिस्किटे, की रिक्षा दारात!

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाने २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा आठवडे एका गटाने सकाळी खायचे, दुसऱ्याने दुपारपर्यंत केवळ पाण्यावर राहायचे. खाणाऱ्यांची हालचाल अधिक भरली. प्रयोग प्रौढांवरचा होता, मुलांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही; तरीही निंबाखालच्या त्या मुलीकडे मी आळस म्हणून पाहू शकत नाही. शरीर आपली शिल्लक राखून ठेवीत असते.

मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १९९५ साली आली, परंतु खिचडी शिजेपर्यंत कवायत आटोपलेली असते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली. तमिळनाडूने २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत ती देण्यास आरंभ केला.

आम्ही वर्गणी काढून शिक्षकखोलीत फुटाण्यांचा डबा ठेवला. प्रार्थनेपूर्वी मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, तोही सरसकट सर्वांना. निवडक मुलांना दिला असता, तर ज्यांना गरज तीच मुले लाजेने मागे राहिली असती. ती मुलगी काही धावपटू झाली नाही. लंगडीत मात्र उतरू लागली, आणि बाद ठरविले की पंचाशी कडाडून भांडू लागली. डबा शनिवारपर्यंत कधीच पुरत नसे.